‘बचेंगे’मधलं अनेकवचन

आदिलाबादच्या बाजारात पटेल नसलेल्या माणसालाही पटेल म्हणत. डोक्याला टोपी, तोंडात मराठी आणि खिशात चुन्याची डबी, एवढं असलं की पुरे. माझे काका दिगंबर या तिन्ही अटी पुऱ्या करत, म्हणून ते पटेल. प्रत्यक्षात आमच्या घराण्यात पाटीलकी कधीच नव्हती. भीमपूरकडच्या एका खेड्यातून आजोबांनी बैलगाडीत भांडीकुंडी घातली आणि शहरात येऊन मिरची-लसणाचं दुकान टाकलं, एवढाच आमचा इतिहास. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे पटेल हा शब्द बऱ्याचदा येणार आहे आणि मी आयुष्यभर हिशेब तपासण्याची नोकरी केलेला माणूस आहे. नसलेला मान कुणाच्या खात्यावर पडलेला मला चालत नाही, मग ते माझे काका का असेनात.

आमचं घर म्हणजे पुढे दुकान, मागे राहणं, आणि दोन्हींच्या मधे एक लांबट अंधारी खोली. तिच्यात लाल मिरचीची पोती छतापर्यंत रचलेली असत आणि घरात जायचं तर त्या खोलीतूनच जावं लागे. त्यामुळे आमच्याकडे येणारा पाहुणा आधी शिंके आणि मग नमस्कार करी. आम्हाला सवय होती, तरी हंगामात नवा माल उतरला की आई स्वयंपाकघरातून ओरडे, “दार लोटा बाप्पा कोनी, आता वरनबी शिंकते.” सकाळी जिनिंगचा भोंगा, मग समोरच्या हॉटेलातल्या रेडिओवर तेलुगू बातम्या, दुपारी मागच्या अंगणात मिरची कांडणाऱ्या बायांच्या मुसळांचा ठेका, आणि दिवसभर दुकानातून काकांचा आवाज. तो तीन भाषांत चाले. जेवायला ज्वारीची भाकर आणि अंबाडीची भाजी. तिला शेजारच्या तेलुगू मावशी गोंगुरा म्हणत आणि ती मुळात त्यांचीच, असं ठासून सांगत. काकू ज्वारीच्या कण्या घालून ती घोटायची, वर लसणाची फोडणी द्यायची आणि प्रत्येकाच्या ताटात एकेक तळलेली मिरची ठेवायची. माझी बायको चांगली अंबाडी करते. तिच्यासमोर मी एवढंच म्हणतो.

घरात आम्ही दोन भावांची कुटुंबं. माझे वडील, ज्यांना सगळे अण्णा म्हणत, जिनिंगमध्ये कापसाच्या गाठींची नोंद ठेवायला होते. ते थोरले, पण अबोल. घरातले आणि घराबाहेरचे सगळे वाद धाकट्या भावाकडे, म्हणजे काकांकडे. काकांना एकच मुलगी, सुमन. ती माझ्याहून चार महिन्यांनी लहान आणि माझ्याच वर्गात. आम्ही दोघं एका दप्तरावर वाढलो असं आई म्हणायची आणि ते अक्षरशः खरं होतं. दप्तर एकच होतं, न्यायचं कुणी यावर रोज भांडण व्हायचं.

शाळा मराठी माध्यमाची, सरकारी, पत्र्याची. आजूबाजूच्या तेलुगू शाळांच्या मानानं मुलं थोडी, पण दहावीपर्यंत वर्ग होते. आम्ही सहावीत असताना वरच्या वर्गांना गणित शिकवणारे मास्तर पैनगंगेपलीकडे महाराष्ट्रात नोकरी मिळवून गेले आणि त्यांच्या जागी कुणी आलं नाही. आठवी, नववी आणि दहावीला गणिताचा तास म्हणजे मैदान, नाहीतर वानखेडे सरांच्या गोष्टी. वानखेडे सर मराठी आणि इतिहास शिकवायचे. त्यांनी प्रामाणिकपणे सांगून टाकलं होतं, “पोरांनो, मले पाढे येतात. त्याच्या पुढं देवाचं नाव घ्या.”

मास्तर मिळावा म्हणून पालकांनी अर्जी करायची ठरली आणि ती घेऊन कचेरीत जायचं काम काकांकडे आलं. त्यांची स्वतःची शाळा सातवीत सुटली होती, पण भांडण हा त्यांचा व्यायाम होता. ते दुकान काकूवर सोडून, धुतलेली टोपी घालून जायचे आणि दुपारी परत यायचे. कचेरीतला बाबू शांत, सभ्य माणूस होता असं ते स्वतःच सांगत. तो खुर्ची द्यायचा, पाणी द्यायचा आणि म्हणायचा, “रेपु रंडी.” उद्या या. पुढे पुढे आमच्या घरात रेपु हा शब्द इतका रुळला की आईनं लाकडं फोडायला सांगितली की सुमन म्हणायची, “रेपु.” आज मागे वळून पाहताना त्या बाबूचाही मला राग येत नाही. एकदा त्यानं काकांना सरळ विचारलं होतं की मराठीतून गणित शिकवायची परीक्षा पास झालेला एक माणूस या जिल्ह्यात दाखवा, मी आजच कागद वर पाठवतो. असा माणूस काकांनाही ठाऊक नव्हता.

त्या वर्षीच्या गॅदरिंगमध्ये वानखेडे सरांनी एक छोटं नाटक बसवलं. पानिपताच्या आदल्या वर्षीचा प्रसंग. यमुनेच्या काठी मराठ्यांचा सरदार गोळी लागून पडला आहे. शत्रूकडचा माणूस हत्तीवरून उतरून त्याच्यापाशी येतो आणि हिणवून विचारतो, “क्यूं पटेल, और लडोगे?” आणि सरदार मरता मरता म्हणतो, “बचेंगे तो और भी लडेंगे.” मराठी घरात वाढलेल्या प्रत्येकानं हे वाक्य ऐकलेलं असतं. सरदार मी होतो. माझा आवाज मोठा होता, एवढंच कारण. हत्तीचं काम दोन बाकांनी केलं. सुमन पडद्याच्या मागे पुस्तक धरून सगळ्यांना वाक्यं सांगायला होती. नाटकात आणखी एक काम होतं, सरदाराच्या पुतण्याचं. त्याला सुरुवातीलाच दंडात गोळी लागते आणि लोक त्याला उचलून रणातून बाहेर नेतात. त्याला एकही वाक्य नव्हतं. ते काम पाचवीतल्या एका मुलाला दिलं होतं आणि उचलताना त्याला गुदगुल्या झाल्यामुळे तो हसत हसतच रणांगणातून गेला.

तालमीच्या पहिल्या दिवशी आमच्या वर्गानं गोंधळ घातला तो पटेल या शब्दावरून. आमच्या दृष्टीनं पटेल म्हणजे बाजारातला मराठी माणूस. दिल्लीकडच्या शत्रूला आदिलाबादची बोली कुठून माहीत, असा प्रश्न एकानं गंभीरपणे विचारला. सरांनी सांगितलं की त्या सरदाराच्या घराण्यात गावची पाटीलकी होती. तरी प्रयोगाच्या दिवशी मी बाकाखाली पडलो, समोरच्या मुलानं “क्यूं पटेल” म्हटलं आणि सगळ्या मंडपानं मान वळवून काकांकडे पाहिलं. काका उठून उभे राहिले आणि हात जोडून पुन्हा बसले. टाळ्या मला मिळायच्या त्या त्यांना मिळाल्या.

त्यानंतर ते वाक्य बाजारात गेलं. आमच्यासमोर जब्बारभाईंचं छत्र्या आणि चपलांचं दुकान होतं. काका कचेरीतून येताना दिसले की जब्बारभाई दुकानातूनच हाक मारायचे, “क्यूं पटेल, आज भी रेपु?”

“आज भी रेपु.”

“और लडोगे?”

“बचेंगे तो और भी लडेंगे,” काका म्हणायचे. मग दोघं चहा घ्यायचे. लोकांना वाटायचं काकांचा हट्ट त्या वाक्यात बसतो. जागा सोडायची नाही, मोडेन पण हटणार नाही. मलाही तेच वाटायचं. मी ते वाक्य मंडपात म्हटलेलं होतं, म्हणजे त्याचा अर्थ माझ्याइतका कुणाला कळणार?

आम्ही सातवीत होतो त्या वर्षी दहावीच्या मुलांचा निकाल लागला आणि जवळजवळ सगळी मुलं गणितात नापास झाली. त्यात आमच्या गल्लीतला मनोहर होता. वर्गात पहिला येणारा, सुंदर अक्षराचा मुलगा. वर्षभर गणित शिकवलंच नव्हतं तर त्यानं काय लिहावं? त्यानं पुरवणी परीक्षा दिली, तीही गेली. मग एक दिवस तो तामसीच्या बसच्या टपावर मालाची पोती चढवताना दिसला. काका मला घेऊन बसस्टँडवर माल सोडवायला गेले होते. मनोहरनं वरून पाहिलं आणि हसून विचारलं, “काका, मास्तर आला का?” आमची पोती न घेताच काका परत फिरले आणि मला सांगितलं, “तू थांब. हमालाच्या गाडीवर बसून ये.” मी पोत्यांवर बसून घरी आलो, तोवर काका कुठे गेले होते ते कळायला मला दोन दिवस लागले.

ते तेलुगू माध्यमाच्या हायस्कुलात गेले होते. माझं नाव आठवीसाठी लिहून आले होते. अण्णांना त्यांनी घरी आल्यावर सांगितलं आणि अण्णांनी नेहमीप्रमाणे विचार करून “बरं” म्हटलं. फक्त माझं नाव. सुमनचं नाही.

ही गोष्ट गल्लीत पसरली तेव्हा रविवारी संध्याकाळी शाळेसाठी धावपळ करणारे चार-पाच जण आमच्या मागच्या ओसरीवर आले. पुढे रामभाऊ टेलर होते. ते अर्जीवर काकांच्या खालोखाल सही करणारे. आत आल्यावर ते शिंकले आणि शिंक संपायच्या आधीच बोलायला लागले.

“काऊन हो दिगंबरराव, खरं काय हे?”

“काय?”

“भाषणं आमाले, अन् पोरगं तेलुगूत?”

“टाकलं,” काका म्हणाले. “बसा, च्या घ्या.”

“च्या नको. म्या माह्या दोन पोरायले तुमच्या शब्दावर त्या शाळेत ठेवलं. मले मानसं विचारू राह्यली, पटेल पळाला का?”

“काय सांगतलं?”

“मी काय सांगू? तुमी सांगा.”

काका म्हणाले, “उद्या कचेरीत जायचं हाय. अर्जी नव्यानं लिवली. सही करता का नाई, तेवढं सांगा.”

रामभाऊंनी सही केली नाही. ते उठून गेले आणि बाकीचेही त्यांच्यामागे गेले. एकानं उंबऱ्यावर थांबून म्हटलं की नाटकात टाळ्या घेणं सोपं असतं. हे तो काकांना म्हणाला की मला, ते मला अजून ठरवता आलेलं नाही. पण लागलं मला. मी आतून आलो आणि काकांसमोर उभा राहून म्हणालो की मी त्या शाळेत जाणार नाही. सगळे मला पळपुटा म्हणतील. वर तेच वाक्य त्यांच्या अंगावर फेकलं. बचेंगे तो और भी लडेंगे, असं रोज म्हणता आणि मला मात्र पळायला लावता.

काका पोत्याचं तोंड शिवत होते. हातात दाभण आणि सुतळी. मान वर न करता त्यांनी विचारलं, “काय म्हन्ला तो सरदार? पुन्हा म्हन.”

मी म्हटलं.

“बचूंगा म्हन्ला का बचेंगे?”

“बचेंगे.”

“एकटा तं पडला होता. छातीत गोळी. मरते हे त्याले मालूम, इचारनाऱ्यालेबी मालूम. मंग ‘बचेंगे’ कोनाले म्हन्ला? कोन बचनार होतं?”

काकांनी टाका ओढला. “त्याचा पुतन्या होता ना, तुमच्या नाटकात, हासत गेला तो. त्याले घोड्यावर घालून बाहीर काढलं होतं. ते त्याले मालूम होतं, म्हनून तो तसा बोल्ला. पोरगं निंगालं, आता इचार काय इचारायचं ते. समदेच तिथं पडले असते तं कोन लढलं असतं दुसऱ्या साली?”

इथे मला थोडं थांबून माझ्या स्वभावाप्रमाणे एक खुलासा करायला हवा. हिंदीत मोठी माणसं स्वतःलाही अनेकवचनात बोलतात, तेव्हा ‘बचेंगे’ म्हटलं म्हणजे दोघांविषयीच म्हटलं असं व्याकरणानं सिद्ध होत नाही. ते शब्द तिथे उभं राहून कुणी लिहून घेतले होते, असंही नाही. जुनी माणसं सांगत आली, पुढच्यांनी लिहिलं. पण पुतण्याला बाहेर काढलं होतं आणि पुढच्या वर्षी तो पानिपतावर उभा होता, हे खरं आहे. मी या वाक्याबद्दल पुष्कळ व्याख्यानं ऐकली. सगळ्यांनी ‘लडेंगे’वर जोर दिला. ‘बचेंगे’वर जोर देणारा माणूस मला एकच भेटला, आणि तो सातवीत शाळा सोडलेला मिरचीचा दुकानदार होता.

पण त्या संध्याकाळी बोलणं इथे संपलं नाही. स्वयंपाकघराच्या दारात सुमन उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडत नव्हती. पडद्यामागून वाक्य सांगायची तशा सपाट आवाजात ती म्हणाली, “बाबा, तो पुतन्या हाय. मंग मी कोन?”

काकांनी वर पाहिलं.

“मले मेलेल्यात धरली काय?”

काकू आतून म्हणाली, “सुमे, तोंड आवर.” पण भाकरी थापायची तिनं थांबवली, म्हणजे तिलाही उत्तर ऐकायचं होतं.

“तुले काढली तं शाळाच उठते, बाई,” काका म्हणाले. “स्वतःची पोरगी काढून मी कोन्या तोंडानं अर्जी नेऊ? अन् याले गनित येते. तिकडं तो टिकन.”

“मले येत नाई का?”

“येते.”

“मंग?”

काकांनी दाभण पोत्यात घालायचं ते बोटात घातलं. रक्त आलं, त्यांनी बोट तोंडात धरलं आणि ते उठून दुकानात गेले. पुतण्याला शोभणारं उत्तर त्यांच्याकडे होतं, मुलीला द्यायला नव्हतं. ती मुलगी होती म्हणूनही तिला मागे ठेवलं असेल. त्या काळी सगळीच घरं तसा विचार करत. मी त्यांना हे कधी विचारलं नाही. काकांबद्दल माझ्या मनात जो आदर आहे त्यात ही एक जागा मी मोकळी ठेवलेली आहे.

जूनमध्ये मी तेलुगू शाळेत गेलो. बोलायला अडचण नव्हती, बाजारात वाढलेल्या मुलाला तेलुगू येतेच. लिहायला मात्र सगळी जिलेबी वाटायची. माझी सगळी भिस्त गणितावर होती, कारण गणिताला भाषा नसते असं मला वाटत होतं. पहिली चाचणी झाली आणि पेपर हातात आला तेव्हा त्यावर फुल्याच फुल्या. गणिताचे सर गोदावरीच्या खालच्या अंगाकडून नव्यानं बदलून आलेले होते. रागावलेले नव्हते, चकित झालेले होते. मला टेबलाशी बोलावून एका उत्तरावर बोट ठेवून म्हणाले, “इदि एंटि?” हे काय आहे? मी म्हटलं, चौदा. त्यांनी पुन्हा कागदाकडे पाहिलं आणि अविश्वासानं म्हणाले, हे तर अठ्ठ्याण्णव आहे.

वाचकानं १४ असं लिहून पाहावं आणि मराठी येत नाही असं समजून ते वाचावं. एक नऊसारखा दिसतो, चार आठसारखा. पाचवीपासून मला इंग्रजी आकडे येत होते आणि मी तेच लिहायचे असं ठरवूनही गेलो होतो, पण घाईत हात मराठी शाळेतलाच चालला. बरं, सगळे मराठी असते तरी सरांना शंका आली असती. मी निम्मे इकडचे, निम्मे तिकडचे लिहिले होते. सरांनी खडू दिला आणि फळ्यावर मराठी आकडे एक ते नऊ लिहायला लावले. वर्ग हसला. सरांनी त्यांच्याखाली इंग्रजी आकडे लिहिले, माझा पेपर पुन्हा घेतला आणि तिथेच बसून पहिल्यापासून तपासला. बहुतेक फुल्या गेल्या. त्या सरांनी नंतर मला जे गणित शिकवलं त्यावर माझी सगळी नोकरी झाली.

तो पेपर मी घरी दाखवला तेव्हा सगळे हसले आणि सुमन मात्र तो हातात धरून वाचत बसली. मराठी शाळेत तिचा गणिताचा तास अजून मैदानावरच होता. खालचं एक उदाहरण दाखवून तिनं विचारलं, “हे काय केलं तू?”

“समीकरण.”

“सांग.”

“तुले काय करायचं हाय?”

“तू जे शिकशीन ते मले रोज सांगायचं,” ती म्हणाली. “तू वाचला ना? मंग आता लढ.”

असा आमचा वर्ग सुरू झाला. मी शाळेतून आलो की भाकरी खायची आणि मिरचीच्या खोलीत पोत्यावर बसून त्या दिवशीचं सगळं सुमनला मराठीत सांगायचं. घरात दुसरी मोकळी जागाच नव्हती. मला वाटलं होतं भाषांतर जड जाईल, पण निम्मे शब्द शेपटीला म् लावलेले आपलेच निघाले. समीकरण समीकरणम्, वर्ग वर्गम्, वृत्त वृत्तम्. भिन्नम् म्हणजे अपूर्णांक हे मात्र मला आठवडाभर कळलं नव्हतं. सुमनला एकदा सांगितलं की पुरे व्हायचं, आणि मला जे नीट कळलेलं नसायचं ते तिच्या दुसऱ्या प्रश्नाला उघडं पडायचं. “असं काऊन?” हा तिचा दुसरा प्रश्न. दुसऱ्या दिवशी मी तोच प्रश्न सरांना तेलुगूतून विचारायचो. सरांना वाटायचं मी फार खोल जाणारा मुलगा आहे.

थोड्याच दिवसांत सुमननं वर्गातल्या दोन मुलींना आणलं. मग रामभाऊ टेलरचा थोरला मुलगा आला. वडिलांना सांगून आला की चोरून, ते आम्ही विचारलं नाही. दहा-बारा मुलं पोत्यांवर बसलेली, सगळी शिंकणारी, आणि शिंकेचा भर ओसरेपर्यंत उदाहरण थांबलेलं. काका पहिले काही दिवस दुकानातूनच ऐकत. मग त्यांनी एक गोष्ट केली, जी मला त्यांच्या सगळ्या भांडणांपेक्षा मोठी वाटते. त्यांनी मिरचीची पोती तिथून काढली. पावसाळ्याचे दिवस, माल ठेवायला दुसरी जागा नाही. त्यांनी ती जब्बारभाईंच्या दुकानाच्या माळ्यावर, छत्र्यांच्या मधे नेऊन टाकली. जब्बारभाई महिनाभर कुरकुरले, “पटेल, मेरे छत्रियां खांसते देखो,” पण पोती राहू दिली. फळ्यासाठी खोलीची भिंत काकांनी स्वतः काळी केली, दिव्याची काजळी आणि डिंक घालून. मागे बसलेल्या मुलींना काकू पाणी द्यायची. अर्जीचं कामही सुटलं नाही. दर आठवड्याला टोपी धुवून काका कचेरीत जातच होते.

आठवी, नववी, दहावी अशी तीन वर्षं ते चाललं. दुसऱ्या वर्षापासून शिकवायचं काम निम्म्याहून जास्त सुमनकडे गेलं, कारण समजावायची हातोटी तिची होती. मी फक्त माल आणून टाकायचो. रामभाऊ एकदा पेनाचं टोपण मुलाकडे राहिलं म्हणून त्याला शोधत आले, दाराशी उभे राहून अर्धा तास ऐकलं आणि जाताना काकांना म्हणाले, “अर्जी कुठं हाय? इकडं आना.” सही करून गेले.

दहावीचा निकाल पेपरात आला तेव्हा काकांनी तो हॉटेलात सगळ्यांसमोर वाचायला नकार दिला. घरी आणला. सुमननं एकेक नंबर शोधला. ती स्वतः पास होती, मीही होतो. खोलीत बसणाऱ्या मुलांपैकी बाकी सगळे पास होते, फक्त दोन मुलींचे नंबर सापडले नाहीत, यमुना आणि शांता. सुमननं पेपर उलटा करून मागची पानंही पाहिली, तरी सापडले नाहीत. दुकानासमोर तोवर माणसं जमायला लागली होती. जब्बारभाई पेढ्यांचा पुडा घेऊन आले. रामभाऊ मुलाला घेऊन आले आणि काकांच्या पाया पड म्हणून त्याला पुढे ढकलायला लागले.

काकांनी पेढ्याला हात लावला नाही. टोपी घातली आणि सुमनला म्हणाले, “चल.”

“कुठं?”

“आधी त्या दोघीच्या घरी. इथली मानसं थांबतीन.”

मीही मागे गेलो. यमुनेच्या घरी दार लोटलेलं होतं आणि आत तिची आई मोठ्यानं बोलत होती की आता पुरे झालं, लग्नासाठी पावनेच पाहायचे. काका ओसरीवर बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली, पुन्हा घातली. शेवटी सुमनच आत गेली. भिंतीकडे तोंड करून बसलेल्या यमुनेच्या शेजारी ती जमिनीवर बसली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “सांच्याले ये. शांताले घेऊन ये. पह्यल्या धड्यापासून घेऊ.”

यमुना वळली नाही. तिनं विचारलं, “तू तं पास झाली. तू काऊन येशीन आता?”

“मी कुठं जाऊ राह्यली?” सुमन म्हणाली.